‘इन्सुलिनअभावी’ हा शब्द माझा

हर्षदाचा घात मी केला. हर्षदा म्हणजे माझ्या काकांची मुलगी, तेव्हा दहावीत होती. आणि केव्हा — तर गेल्याच्या गेल्या वर्षी, गौरी-गणपती गेले त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, आमच्या गावातून तालुक्याला जाणाऱ्या खिंडीच्या चढावर. एवढं तरी नेमकं सांगते. बाकीचं सांगताना मी आडवळणं घेईन, मध्येच भाषण ठोकायला लागेन. मला ती खोड आहे.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या एकाही माणसाला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही अनोळखी आहात म्हणून? की मला कागदावर बोलता येतं आणि माणसाच्या डोळ्यांत बघून बोलता येत नाही, म्हणून? दुसरंच खरं असावं.

मी पत्रकं लिहिते. अलिबागला कॉलेजात असताना एका शिबिराला गेले, तिथे शिकले. पत्रकाचे नियम असतात. एका पत्रकात एकच मागणी. एकच शत्रू. पहिल्या ओळीत माणूस हवा, जमलं तर तरुण माणूस, जमलं तर मुलगी. आणि ‘परंतु’ हा शब्द कुठेही नको — वाचणारा उन्हात उभा असतो, त्याला ‘परंतु’ नको असतं. मी हे नियम फार लवकर आत्मसात केले. रस्त्याचं पत्रक, पाण्याचं पत्रक, बंद पडलेल्या एसटीचं पत्रक. आगरदांड्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघणाऱ्यांना वाटली, म्हसळ्याच्या स्टँडवर वाटली. लोक नंतर त्यात भजी बांधून न्यायचे हे खरं, पण आधी वाचायचे. माझं लिहिलेलं लोक खरं मानायचे. हे लक्षात ठेवा. सगळं त्यावरच उभं आहे.

हर्षदाला अकराव्या वर्षी मधुमेह निघाला. म्हाताऱ्या माणसांना होतो तो नव्हे — दुसरा, लहान मुलांचा. शरीरात इन्सुलिन बनतच नाही. मग ते रोज सुईने घ्यायचं, दिवसातून चार-चार वेळा, जन्मभर. गावात लोक म्हणायचे, गोड खाल्लं असेल जास्त. मूर्ख. पण मूर्ख म्हणायचा हक्क मला आहे का, ते पुढे बघू.

तिला कबड्डीचं वेड. चढाईला गेली की अंगाला हात लागू द्यायची नाही. आता गंमत बघा — सुई साखर खाली ओढते, आणि खेळही खालीच ओढतो. वर ढकलायला काय? फक्त अन्न. म्हणजे ज्या दिवशी खेळायचं त्या दिवशी सुई कमी, भाकरी जास्त, आणि खिशात बिस्किटांचा पुडा. ज्या दिवशी पाऊस, सराव बंद, त्या दिवशी पुन्हा सगळं उलट. डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं. पुढे ती आणि वंदनाकाकी, म्हणजे तिची आई, दोघी मिळून रोज हा तोल सांभाळायच्या. रोज सकाळी काकीचा पहिला प्रश्न, “आज काय करणार हायस गो?” अभ्यास विचारायला नव्हे. सुई ठरवायला.

हर्षदाने त्याचा कधी तमाशा केला नाही. सरावात हात थरथरायला लागले की मैदानाबाहेर यायची, चिक्की तोंडात टाकायची आणि पोरींना म्हणायची, बॅटरी लो हाय, चार्जिंगला बसते. पोरीही कमी नव्हत्या. समोरच्या संघाला सांगायच्या, हिला धरू नका, शॉक बसेल.

आणि इन्सुलिन मिळत नव्हतं. सरकारी दवाखान्यात — कुठल्या ते लिहीत नाही, आज मी त्याच्याविरुद्ध बसलेली नाही — महिनोन्‌महिने ‘वरून आलं नाही’ एवढंच उत्तर. काका ट्रेलर चालवतात, आठ-आठ दिवस बाहेर. मग काकीने अलिबागला जायचं, विकत घ्यायचं, बर्फाच्या थर्मासात घालून उन्हातून आणायचं. मला याचा संताप यायचा. तो संताप खरा होता. आजही खरा आहे. पण खऱ्या संतापाच्या आडोशाला माणूस काय काय लपवू शकतो, हे मला कुठल्या शिबिराने शिकवलं नव्हतं. ते मी स्वतः शिकले.

मी पत्रक काढायचं ठरवलं. हर्षदाचा फोटो वर. तिला विचारलं का? विचारलं. ती लाजली, मग म्हणाली, चालेल ताई. आणि मग हळूच म्हणाली, “पट्ट्या पण मागा ना. सुई घ्यायच्या आधी मशीनवर बघायला लागतं. पट्ट्याच नसतात, मग अंदाजाने.” साखर तपासायच्या पट्ट्या. मी काय म्हणाले? मी म्हणाले, एका पत्रकात एकच मागणी. इन्सुलिन म्हटलं की माणूस थांबतो. पट्टी म्हटलं की पुढे जातो. ती म्हणाली, बरं. मी तिला घोषणा शिकवायला लागले.

मोर्चाचं ठरलं ते असं: गावातून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत चालत, आणि सगळ्यांनी उपाशी. निवेदन स्वीकारेपर्यंत कुणी काही खायचं नाही. लाक्षणिक उपोषण. हर्षदाला अर्थातच उपास नाही, एवढी अक्कल मला होती. तिला सांगितलं, तू नेहमीसारखं खा, नेहमीसारखी सुई घे, टेम्पोत पुढे बस, माईक आहे तिथे. ती त्या सकाळी टेम्पोत बसायच्या हिशेबाने उठली. टेम्पोत बसायच्या हिशेबाने सुई घेतली. पूर्ण. भाकरी मात्र अर्धीच खाल्ली — आम्ही दारात उभे राहून घाई करत होतो. काकीने उरलेली अर्धी फडक्यात बांधून दिली. ती टेम्पोत राहिली.

कारण गावाबाहेर पडल्यावर मी मागे वळून मोर्चा बघितला आणि मला वाटलं, हे बरोबर दिसत नाही. आजारी मुलगी टेम्पोत मांडी घालून बसलेली, बाया-माणसं चालतायत. मी तिला खाली उतरवलं. म्हटलं, थोडं चाल पुढे, बॅनर धरून. फोटो झाले की परत बस. तिने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं असेल — मला आठवत नाही. आठवत नाही असं लिहिणं सोपं आहे. आठवतं. ती म्हणाली होती, ताई, मी आज पूर्ण घेतलीय. मी म्हटलं, थोडंच गं.

घेतलेली सुई परत काढता येत नाही. हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं — मीच तर लिहिलं होतं त्यावर.

खिंडीच्या चढावर ती मागे पडायला लागली. मी तिच्या शेजारी आले. कपाळावर, ओठांवर घाम. तसा सगळ्यांनाच होता, भाद्रपदातलं ऊन. बॅनरची काठी तिच्या हातात हलत होती. तिने दुसऱ्या हाताने ड्रेसच्या खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. आणि वळणावर दोन मोटारसायकली थांबलेल्या होत्या — पत्रकार. एक जण कॅमेरा काढत होता.

आता ऐका. त्याच्या आदल्या वर्षी आमच्याच एका उपोषणाचा फोटो छापून आला होता, मंडपामागे वडापाव खाणाऱ्या दोघांचा. गावोगाव आमची टर उडाली. ‘वडापाव उपोषण’ म्हणायचे. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. उपाशी मोर्चा, पहिल्याच रांगेत, पत्रकावरच्या पोरीच्याच तोंडात बिस्किट.

मी म्हणाले, “थांब गं दोन मिनिटं. फोटो होऊ दे.”

तिने पुडा परत खिशात घातला.

एवढंच. ओरडले नाही, हिसकावला नाही. तिने ऐकलं, कारण मी तिची ताई होते आणि मला सगळं कळतं असं तिला वाटायचं. फोटो झाले. चांगले आले. मग पत्रकारांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, लांबलचक, आणि मला मागे वळून बघायचं सुचलं नाही. आवाज आला तो बॅनरच्या काठीचा, डांबरावर पडल्याचा. हर्षदा तिच्याखाली होती.

तिला टेम्पोत घालून पुढे नेलं. मी सोबत. काकी मागच्या रांगेत होती, तिला पोचायला वेळ लागला. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती. मशीन लावलं, आकडा बघितला आणि माझ्याकडे न बघता शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. मग विचारलं, “साखर एकदम खाली गेलीय. हिने काही खाल्लं नव्हतं का? चालवलंत हिला?” मी म्हटलं, खाल्लं होतं थोडं. थोड्या वेळाने हर्षदाने डोळे उघडले. तिला काय झालं ते तिला लगेच कळलं. माझ्याकडे बघून म्हणाली, लो झाले ना?

मी बाहेर आले. पायऱ्यांखाली मोर्चा जमला होता. बाया रडत होत्या, पोरांनी मोबाईल वर धरले होते, काकी गर्दीतून वाट काढत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय बोलायला हवं होतं? ‘चूक माझी आहे, ती अर्धपोटी चालली’? सहा शब्द होते. माझ्या तोंडून निघालं ते हे — “इन्सुलिनअभावी आमची पोरगी कोसळली.”

विचार करून बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी विचार करून छापलं. ठळक अक्षरात, बेशुद्ध हर्षदाच्या फोटोवर. ‘इन्सुलिनअभावी बेशुद्ध.’ त्या पत्रकाने जे केलं ते माझ्या कुठल्याच पत्रकाने केलं नव्हतं. महिन्याभरात दवाखान्यात इन्सुलिन आलं. माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. मी भाषणात हर्षदाचं नाव घेतलं. ती दुसऱ्या रांगेत बसली होती.

तिला मी आधीच गप्प केलं होतं. एकटीला गाठून सांगितलं — तुझ्यासारख्या किती मुलांचा प्रश्न आहे, आता खरं-खोटं करत बसलो तर सगळ्यांचं औषध थांबेल. पंधरा वर्षांची पोर. तिने स्वतःच्या आईलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर? हा प्रश्न मी तिच्यावर ढकलतेय बघा. पुन्हा तीच सवय.

आता नीट ऐका, कारण इथून पुढे मी घाई करेन.

काकीला साखर कमी झाल्याची खूण माहीत होती: हात थरथरणं, घाम, भूक, चिडचिड. मग साखर द्यायची. पण पोरगी पूर्ण बेशुद्ध झालेली तिने आयुष्यात एकदाच बघितली होती, आणि ती का झाली हे तिला कुणी सांगितलं होतं? मी. पायऱ्यांवरून. आणि मग कागदावर. दवाखान्यात डॉक्टरशी बोलले ती मीच; काकीला वाटलं, सकाळची सुई कमी पडली असेल. तो कागद तिने देवाच्या फळीखाली चिकटवला होता, लेकीचा फोटो होता म्हणून.

त्याच थंडीत कबड्डीचे सामने होते. हर्षदा दुपारी दोन सामने खेळून घरी आली आणि दमून झोपली. वंदनाकाकी वालाच्या शेतातून परतली तेव्हा ती घामाने निथळत होती आणि हाका मारून उठत नव्हती. मशीन होतं. पट्ट्या संपल्या होत्या. काकीने तिला हलवलं, तोंडावर पाणी मारलं. मग तिने फ्रिज उघडला. इन्सुलिन होतं — आम्ही लढून मिळवलेलं, फुकट, दवाखान्यातलं. तिने सुई भरली आणि लेकीच्या दंडात दिली. आणि परिणाम होत नाही म्हणून, थोड्या वेळाने आणखी.

गाडी मिळून तालुक्याला, तिथून अलिबाग, तिथून पनवेल. हर्षदा वाचली. ‘वाचली’ हा शब्द डॉक्टरांचा आहे. ती ओटीवर खुर्चीत बसते. उजवा हात उशिरा उठतो. तुमचं बोलणं ऐकते, हसते, आणि तुम्ही पाणी पिऊन परत आलात की पुन्हा विचारते, तू कधी आलीस? मैदानावरून शिट्टीचा आवाज आला की तिकडे बघते. कशाचा आवाज ते तिला सांगता येत नाही.

पनवेलच्या डॉक्टरांनी काकीला सांगितलं की साखर कमी होती, तुम्ही इन्सुलिन द्यायला नको होतं. गावाला ते कळायला वेळ लागला नाही. एकदा गिरणीवर मी दळण घेऊन उभी होते. पुढे दोघी बोलत होत्या. एक म्हणाली, “आयशीनंच टोचलीन. चार बुकं शिकली असती तर पोर धड असती.” माझ्या हातात डबा होता. मी — चार बुकं शिकलेली, ज्या-त्या अन्यायाविरुद्ध तोंड उघडणारी — मी गिरणीवाल्याला सांगितलं, बारीक दळा.

पण हेही ते नव्हे. मी अजून फिरतेच आहे.

ते असं. होळीनंतर एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. हर्षदा खुर्चीत झोपली होती. काकी शेंगा सोलत होती. वर न बघता तिने विचारलं. आरोप नव्हता. किती दिवस मनात ठेवून, शब्द जुळवून विचारावं तसं —

“प्रणाली, त्या तुझ्या कागदात व्हतं ना गो, औषध कमी पडलं म्हणून पडली? मी तेच धरून चालले. मग ह्या वेळेला उलटं कसं झालं?”

तेव्हा सांगता आलं असतं. तिथे कॅमेरा नव्हता, मोर्चा नव्हता, वाचवायला कुठलं आंदोलन नव्हतं. इन्सुलिन आलेलं होतं. फक्त ती होती, आणि मी, आणि झोपलेली हर्षदा. एक वाक्य बोलले असते तर त्या बाईच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं असतं. निम्मं का, सगळंच.

मी म्हणाले, “काकी, ती वेळ वेगळी होती.”

तिने मान हलवली. पुन्हा शेंगा सोलायला लागली. मग म्हणाली, “व्हय. मलाच समजलं न्हाय.”

आणि मी तिला ते म्हणू दिलं.

खिंडीत मी घाबरट होते. पायऱ्यांवर खोटारडी. त्या ओटीवर जी होते तिला नाव काय द्यायचं ते मला अजून सापडलेलं नाही, आणि शब्द शोधणं हेच तर माझं काम. त्यानंतरही मी पत्रकं लिहिलीच. काकी अजून मला चहा करते. हर्षदा अजून मला ताई म्हणते, एकाच भेटीत तीन-तीनदा, नव्याने भेटल्यासारखी. मला वाटायचं काळ गेला की हे बोथट होईल. नाही होत. हर्षदाचं जे गेलं ते परत येणार नाही, मी कितीही पानं लिहिली तरी. हा मजकूर काकीला वाचून दाखवायला मी उद्या सकाळी जाणार आहे. त्याने काही बरं होईल असं मला वाटत नाही. तिने मला दारातून हाकललं तर ते तिचं बरोबर, आणि हाकललं नाही तर ते मला जास्त जड जाईल. माफी मी मागणार नाही. मागितली की द्यायचं ओझं पुन्हा तिच्यावरच.

माझ्यासाठी तुमच्याकडे काही मागायचं नाही. पण तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात, आणि त्या मी मागत नाही, सांगते. इन्सुलिन घेणारं मूल घामाघूम झालं, बरळायला लागलं, तर आधी साखर द्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सुईला हात लावू नका, उचला आणि दवाखान्यात न्या. ज्या पत्रकावर याच्या उलट लिहिलंय ते मी लिहिलंय आणि ते खोटं आहे.

आणि आमच्या बाजूला कधी आलात, जेटीवर, बाजारात, गिरणीवर, आणि कुणी म्हणालं की आईनेच पोरीचं वाटोळं केलं, तर माझ्यासारखे गप्प उभे राहू नका. त्याला तिथेच अडवा. आणि माझं नाव सांगा.